उजवीकडचं हृदय

धाकट्या लेकीचं लग्न झालं त्या वर्षी म्हातारे सुतार मोडलेला हात गळ्यात अडकवून दवाखान्यात बसले होते. शेजारच्या बाकावर एक बाप आणि त्याची लेक होती. बापाच्या हृदयाची शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी होती.

“बाबा, तुमचं हृदय उजवीकडे आहे, हे डॉक्टरांनी आज सांगावं? आणि मी जन्मभर प्रयोगशाळेत बेडकाच्या अंड्यात डावं-उजवं कसं ठरतं ते शोधतेय!”

“कसं ठरतं गं?”

“गर्भ इवलासा असताना एक जीन फक्त डावीकडे जागा होतो. त्यावरून पेशींना कळतं, हृदय कुठं वळवायचं. तुमचा उजवीकडे जागा झाला.”

“म्हणजे आईच्या पोटातच रस्ता चुकलो! तुझी आई म्हणायची, ह्यांचं डोकं ठिकाणावर नाही. थोडक्यात चुकली बिचारी.”

“हसू नका. घरचंच मला दिसलं नाही. दिव्याखाली अंधार!”

“लहानपणी माझ्या छातीवर झोपायचीस, तेव्हा कान कुठं लावायचीस?”

“उजवीकडे.”

“मग? माहीत होतं की तुला. शिकलीस आणि विसरलीस.”

सुतारांनी चांगला हात हळूच स्वतःच्या छातीवर ठेवला. डावं कुठलं, ते क्षणभर त्यांनाच आठवेना.

शस्त्रक्रिया झाली नाही. बाप दुसऱ्या दिवशी सकाळी वारला.