तुळजापूरच्या जीपमधली जागा

कोल्हापुरात फोटो स्टुडिओच्या बाकावर माझ्या शेजारी एक नवी सून बसली होती, व्हिसाच्या फोटोसाठी. सोबत सासू, जिला ती आत्या म्हणत होती.

"पॅरिसला उतरायचं, तिथनं रेल्वेनं स्वित्झर्लंड, मग व्हेनिस."

"आन् तुळजापूर?"

"पुढच्या आठवड्यात देवदर्शन, मगच तिकडं जाणार की, आत्या."

"दोघंच एवढ्या लांब गेल्यालं तुझ्या सासऱ्यास्नी खपायचं न्हाय."

"हनिमूनला दोघंच जात्यात. तुमी न्हाय गेलासा?"

"तुळजापूरला गेलतो की. जीपमधी सगळं घर, आन् आमच्या दोघांच्या मधी सासूबाई. जाताना बी, येताना बी."

"मी न्हाय कुणाला मधी बसू द्यायची."

"नगंच देऊ. तुझ्या सासऱ्यास्नी मी सांगते. आन् ह्या खेपेला जीपमधी माझी जागा त्यांच्या शेजारी धर."