पांढरं सिमेंट वाळेपर्यंत

निजामुद्दीन : नको मावशी, आता बसू नका त्या कमोडवर. सिमेंट ओलंय अजून.

आशाबाई : मग कधी बसू? तासाभरानं?

निजामुद्दीन : उद्या दुपारपर्यंत हात बी लावायचा नाय.

आशाबाई : उद्या? अरे, आधी सांगायचं ना! सकाळपासून चहा बी नाय घेतला मी, घाई नको लागायला म्हणून. तरी लागलीच.

निजामुद्दीन : सांगत होतो की. तुम्ही जल्दी कर, जल्दी कर, लावलं. बोलूच देईनात. अन् हे बघा खाली काय निघालं. रबराची पट्टी. किसने डाली ये?

आशाबाई : माझ्या पोरानं, बद्रीनाथनं. वाळूजला कंपनीत फिटर हाय तो. म्हणला, आई, मशीन हललं की आम्ही असंच करतो.

निजामुद्दीन : मशिनीवर माणूस बसत नाय ना, मावशी.

आशाबाई : दोन महिने झाले बघ. बसलं की कमोड डावीकडं कलतं. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. पडले तर पुन्हा उठायची नाय मी. त्या भ्यानं पाणी पिणंच सोडलं.

निजामुद्दीन : दुसरा संडास नाय घरात?

आशाबाई : मागं हाय, उकिडवं बसायचा. डॉक्टर म्हणले, गुडघा दुमडायचाच नाय.

निजामुद्दीन : मग शेजारी चला. भिंतीपलीकडं बी कमोड हाय. दोन्ही घरांचा पाईप एकच हाय, मी बघितला.

आशाबाई : मला सांगतो का? माझ्या थोरल्या जावेचं घर हाय ते. आधी सगळं एकच होतं. पाच वर्षं झाली, बोलत नाय आम्ही.

निजामुद्दीन : इतकं काय झालं?

आशाबाई : बद्रीनाथच्या लग्नात पहिल्या हळदीचा मान तिचा होता. वाटी घेऊन उभी होती ती, अन् मी माझ्या बहिणीला पुढं केलं. गर्दीत ध्यानात नाय राहिलं, असं सांगत फिरले सगळ्यांना. खोटं होतं ते. मुद्दाम केलं मी. घरात सारखं तिचंच कौतुक व्हायचं, ते खुपायचं मला.

निजामुद्दीन : अब कैसा करना? पोरगा येऊन दुसरीकडं नेईस्तोवर कळ काढता येईल का?

आशाबाई : नाय रे बाबा. ती काठी दे. अन् हात धर माझा.

(शेजारचं दार. आत आवडाबाई उभी.)

आशाबाई : आक्का, आमचं कमोड…

आवडाबाई : ऐकलं. त्या भिंतीतून सगळं ऐकू येतं.

आशाबाई : मग हळदीचं बी ऐकलं असशील.

आवडाबाई : ऐकलं.

आशाबाई : चुकलं माझं. आज नड हाय म्हणून म्हणते, असं वाटंल तुला. वाटू दे. पण चुकलं.

आवडाबाई : आधी आत जा. दारात उभी राहून जिवाला त्रास करू नको. अन् खिडकीचा गज धरून बस. आमचं बी हलतंय.

निजामुद्दीन : तुमचं बी?

आवडाबाई : दोन्ही एकाच गवंड्यानं बसवलीत. एकटी असते मी. पडले तर कुणाला हाक मारू, म्हणून मी बी पाणी कमीच पिते.

निजामुद्दीन : सामान हाय माझ्याकडं, मोठी मावशी. आत्ताच पक्कं करतो.

आवडाबाई : आज हात लावायचा नाय. हिनं उद्या दुपारपर्यंत जायचं कुठं? तू परवा ये.

आशाबाई : अन् परवा तू कुठं जाशील, आक्का?

आवडाबाई : आतून काय विचारतीस? तुझ्याकडं येईन. पोराला सांग, मला बघून दार लावू नको म्हणावं.

आशाबाई : सांगते.

आवडाबाई : सावकाश ये बाहेर. चहा टाकते. सकाळपासून घेतला नाय तू.