नागपंचमीची पहिली सलामी

“मल्लखांबाचा गडी मरेपतुर खांब सोडत न्हाय!” चौतीस साली, सोलापुरात शुक्रवार पेठेतल्या दवाखान्यात एका म्हाताऱ्यानं गर्जना केली आणि ओसरीचा खांब धरून हळूच बाकावर टेकला. शेजारी त्याची बायको.

“गुडघा दाखवायला आलाय न्हवं? गप बसा की.”

“गुडघ्याचं कोण इचारतंय? मी एरंडेल न्यायला आलोय. खांबाला चोळायला.”

“आवं, तालमीनं नागपंचमीला तुमाला नुसतं नारळ फोडायला बलावलंय.”

“नारळ म्हातारी माणसं फोडत्यात. खांबावर पहिली सलामी मीच देणार. डोकं खाली, पाय वर!”

“आन् पडला म्हंजी?”

“सर्कशीत तंबूच्या शेंड्यापतुर उलटा चढलोय मी. तू बघत व्हतीस की समोर बसून!”

“कुटं बघतीय? डोळं गच्च मिटून बसायची मी.”

“रोज?”

“रोज.”

“मग औंदा उघडं ठेव. एकदा तरी बघ.”

आतून कंपाउंडर ओरडला, “सिद्धाप्पा कोण? गुडघा?”

“सिद्धाप्पा मल्लखांबवाला! गुडघा न्हवं!” म्हातारा ताठ उभा राहिला. मग आवाज उतरला.

“मायाक्का...”

“आता काय?”

“पायतान बाकाखाली गेलंय. तेवढं पायात सरकव. वाकता येत न्हाय.”