सीटचा कापलेला तुकडा

टण्णकन पाना फरशीवर पडला आणि दुपारची शांतता मोडली. लेकीला थोपटणं थांबवून ती खिडकीशी सरकली. खाली अंगणात शेजारी आपली जुनी मोटरसायकल घरच्या घरी नटवत होता आणि त्याची बायको कमरेवर हात ठेवून उभी होती.

“अहो, सीट एवढीशीच?”

“मागची बाजू कापली. आता कशी ऐटबाज दिसते बघ!”

“आणि हे कव्हर माझ्या पर्सचं ना?”

“जुनीच होती गं. आत तुझ्या उशीचा स्पंज भरलाय. पदरचा पैसा गेला नाही.”

“वा! पर्स माझी, उशी माझी, जागा तेवढी माझी नाही.”

“पण तू बसतेस कुठे हल्ली?”

“विचारलंत कधी?”

शेजारी नव्या सीटवरून हात फिरवत राहिला. मग बायकोच म्हणाली, “खालचा पत्रा शाबूत आहे ना?”

“आहे. नुसता स्पंज कापलाय.”

“मग आणा तो तुकडा. मी दाभण घेऊन येते.”

“जोड दिसेल गं.”

“कसा दिसेल? वर मी बसणार आहे.”

खिडकीत तिला हसू फुटलं. मागून लेकीचा झोपाळलेला आवाज आला, “आई, तू का नाही बसत बाबांच्या गाडीवर मागे?”