पिवळा ज

रामप्रसाद : पूर्ण नाव नको रे करण. नुसता ‘ज’ काप. पिवळ्या रेडियममधी.

करण : नुसता ज? काका, तुमच्या शेठच्या रेतीच्या टिप्परवर ‘धर्मराज’ मी स्वतः चिटकवलंय. काच पुसून, गरम हवा मारून. माझं अक्षर असं निघत न्हाई.

रामप्रसाद : निघालं मंग. बाभळीला घासलं.

करण : कोणत्या बाभळीला?

रामप्रसाद : शाळा सोडली तरी तुझे सवाल काही सुटले न्हाईत.

करण : सकाळी द्वारकाबाईचा सोमेश्वर आल्ता. काल शेळ्या घेऊन घरी चालल्ती त्याची माय, पुलाजवळ कोणीतरी उडवून गेलं. गाडीला नंबर नव्हता म्हणे. तिच्या लुगड्याला पिवळा तुकडा चिटकेल व्हता, तो दाखवला त्यानं.

रामप्रसाद : हायवेवर ढीगभर तुकडे पडतेत.

करण : असा न्हाई पडत. बाकीचे कॉम्प्युटरमधलं तयार अक्षर घेतेत, शेवटाला बारीक व्हत जाणारं. हे मी कंपासनं काढलंय. गोल म्हंजे पुरा गोल, जाडी वर-खाली सारखी. शेठच म्हणले व्हते, लांबूनच गाडी वळखू आली पाह्यजे, अन् दुसऱ्या कोणाला हे अक्षर द्यायचं न्हाई.

रामप्रसाद : सोमेश्वरला हेच सांगितलं का?

करण : बोललो, तुकडा माझ्या हातचा हाय.

रामप्रसाद : शेठचं नाव?

करण : घेणारच व्हतो. तेवढ्यात दवाखान्यातून फोन आला, पळाला तो.

रामप्रसाद : बस खाली. शेठ म्हणले, पोराची कला एकाच घरात कोंडली, हे काही बराबर न्हाई. आजपासून रस्त्यावरच्या समद्या गाड्यांला हेच अक्षर लाव. दुधाची, उसाची, काळीपिवळी. फुकट. खर्चा शेठचा.

करण : म्हंजे कोणती गाडी कोणाची, कळायलाच नको.

रामप्रसाद : तुझंच नाव व्हईल.

करण : मी न्हाई लावणार. अक्षर माझं हाय. माझ्या मर्जीनं लावीन.

रामप्रसाद : (कटिंगच्या मशीनवर हात ठेवून, हळू) तुझंच हाय बेटा. तुकडा पण तुझ्याच हातचा, तूच बोलला सोमेश्वरला. पिवळं रेडियम तुझ्या दुकानात. अन् दारात तुझ्या भावाचा टेम्पो. पोलिसाला अजून काय लागतंय?

करण : दादा काल घरीच व्हता.

रामप्रसाद : घरचेच सांगतीन ना तसं. ह्या अक्षरातलं पहिलं नाव त्याच्याच टेम्पोला लाव. बोलव त्याला.

करण : दादा न्हाई इथं. मोटरसायकल घेऊन जालन्याला गेलाय. द्वारकाबाईला रक्त द्यायला.

रामप्रसाद : मंग टेम्पो मोकळाच हाय. तू काप जल्दी, तवर मी त्याची काच पुसून घेतो.