मान उजवीकडे वळू लागल्याबाबत पुरवणी जबाब

नाव : धाकटे (दुकानाच्या पाटीवर व लोकांच्या तोंडी एवढेच आहे). वय : बावन्न वर्षे. धंदा : पुस्तकबांधणी. राहणार : दुकानाच्या वरचा मजला.

मी समक्ष हजर राहून, कोणी शिकवले-पढवले नसताना सांगतो की, सहा वर्षांपूर्वी माझे थोरले भाऊ, धंदा तोच, यांच्याविरुद्ध मी याच पोलीस ठाण्यात मारहाणीची तक्रार दिली होती. एका शाळेची हजेरीबुके शिवून बांधायची की नुसती चिकटवायची, यावरून त्या दिवशी आमची बोलाचाली झाली. शिवत बसलो तर शाळेला सुट्टी लागेल, असे मी म्हणालो. त्यावर आरोपीने मी चिकटवलेले बुक गिऱ्हाइकासमोर उघडून त्याची पाने सुटी करून दाखवली. मी त्यांचा हात धरला, त्यांनी मला ढकलले आणि माझी मान पुस्तके दाबायच्या लोखंडी यंत्राच्या दांड्यावर आपटली. मान उजवीकडे वळत नाही, असे मी तेव्हा लिहून दिले व पुढे दर तारखेला तेच सांगितले. पुढची तारीख येत्या सोमवारी आहे. पुरावा म्हणाल तर माझी मान, एवढाच. आरोपीस शिक्षा होणे न होणे तिच्यावर आहे, असे वकिलांनी मला बजावले आहे.

दुकान सामाईक असल्याने आम्ही एकाच लांब टेबलाशी बसतो. ते माझ्या उजव्या हाताला, मध्ये अडीच हात अंतर. सहा वर्षांत आम्ही एकमेकांशी बोललो नाही. काम मात्र अडले नाही. दाबयंत्राचा दांडा फिरवायला दोन माणसे लागतात, म्हणून रोज पाच वाजता आम्ही दोन टोकांना धरून तो फिरवत असू. मी भिंतीकडे पाहत असे. ते कुठे पाहत, हे मला सांगता येणार नाही. निरोप द्यायचा झाल्यास गिऱ्हाइकामार्फत देत असू. कोर्टातही मी त्यांना उजव्या अंगालाच ठेवले.

गेल्या महिन्यापासून शर्ट घालायला बायकोची मदत लागू लागली. तिने मला न विचारता फिजिओथेरपिस्ट बाईंकडे माझे नाव नोंदवले. तारखेपर्यंत मानेला कोणाचा हात लागू देऊ नका असे वकील म्हणाल्याचे मी तिच्या कानावर घातले. ती म्हणाली, "वकिलांच्या मानेला मी तेल चोळत नाही. तुमच्या चोळते." सबब मी गेलो.

मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता बाईंनी मला पालथे झोपवले आणि मानेच्या डाव्या बाजूला बोटाने चाचपून एक गाठ शोधली. केसासारखी बारीक सुई, आत औषध वगैरे काही नाही, त्या गाठीत घातली. स्नायू टुणकन उडाला. मी ओरडलो नाही. आखडलेला भाग असा उडाला की सैल पडतो, तिथे रक्त खेळते, एक-दोन दिवस ठणकेल, असे बाईंनी समजावले. अशा पाच सुया झाल्या. मग त्यांनी मला उजवीकडे बघायला सांगितले. ते शक्य नाही, असे मी म्हणालो आणि म्हणता म्हणता मान वळली. तिकडे हात धुण्याचे भांडे होते. मला फार भीती वाटली.

मी माराची हकीकत सांगितली. बाई म्हणाल्या, "सहा वर्षांपूर्वीच्या माराचं मी सांगू शकत नाही. पण रोज आठ तास एकाच बाजूला तोंड करून बसलात तर स्नायू असाच आखडतो. काय असतं हो त्या बाजूला?" भिंत असते, असे मी सांगितले.

खरे असे की, मार लागल्यावर दहा-बारा दिवसांतच मान मोकळी झाली होती. पुढे मी रागाने तोंड फिरवून बसत गेलो आणि ती कधी तशीच राहिली, ते कळले नाही. खोटे सांगायचे म्हणून सांगितले नाही, मलाही ते खरेच वाटू लागले होते. आज त्याची लाज वाटते.

बुधवारी बाराच्या सुमारास, ठणका कमी झाल्यावर, मी दुकानात उजवीकडे पाहिले. आरोपी पुस्तक शिवायला बसले होते. त्यांचे केस पूर्ण पिकले आहेत. डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा होता आणि सुईत दोरा ओवणे चालले होते. ते बराच वेळ चालले. मी विचारले, "चष्मा कधी लागला?" ते म्हणाले, "चार वर्षं झाली." मी त्यांच्या हातातली सुई घेऊन दोरा ओवून दिला. याव्यतिरिक्त त्या दिवशी आमच्यात बोलणे झाले नाही.

आरोपीने ढकलल्यामुळे मान कायमची आखडली काय, असे आज विचारले असता सांगतो की, नाही. माझ्या रागामुळे आखडली. माझी त्यांच्याविरुद्ध तक्रार राहिलेली नाही.

आरोपी बाहेर बाकावर बसले आहेत. मी असा जबाब देणार हे कळताच ते माझ्यावर भडकले. ढकलले ते ढकललेच, असे त्यांचे म्हणणे आहे. ते म्हणाले, "सहा वर्षं कबूल करायला बसलोय मी. तू बघशील तेव्हा ना." तरी त्यांचा जबाब वेगळा नोंदवावा.

वरील मजकूर हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. माझ्या विनंतीवरून बाहेर बाकापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. तो मी सांगितला तसाच उतरला असून खरा आहे.