गादीवाल्याचं सोंग

— नाही नाही साहेब, चमचा नको, चहात होता तो चहातच बरा. तिच्या तोंडात काही घालायचं नाही, चमचा नाही, रुमाल नाही, बोट तर मुळीच नाही — ते शाबूत हवं असेल तर. जीभ गिळेल म्हणता? जीभ काय पेपरमिट आहे गिळायला? आणि हात सोडा तिचे, धरून ठेवलं म्हणून ते थांबत नाही, उलट खांदा निखळायचा. तुम्ही फक्त ती कात्री उचला, लांब ठेवा — शाबास — आणि ती लहान उशी द्या इकडे, डोक्याखाली सरकवतो. पडायला जागा तरी बघा काय निवडली पोरीने. दुसरं कुणी फरशीवर आपटलं असतं, ही नव्याकोऱ्या डबल गादीवर. विकायची होती ती. आता तुम्हीच घ्या, अख्खं दुकान घ्यायला आलात, एक गादी काय जड आहे.

फिट आहे ही, फेफरं. घाबरू नका — म्हणजे घाबरा, पण हळू आवाजात घाबरा. घड्याळावर माझा डोळा आहे. पाच मिनिटांत थांबलं नाही, किंवा एक सरून लगेच दुसरी आली, तर तुम्ही फोन करून ॲम्ब्युलन्स बोलवायची. तोवर नुसतं बसायचं. हे नुसतं बसणंच लोकांना जमत नाही, म्हणून चमचे शोधत सुटतात. मागच्या खेपेला एका गिऱ्हाइकाने हुंगवायला स्वतःचा बूट काढला. बूट असा होता, की शुद्धीवर होते तेही आडवे व्हायचे.

ही आमच्या खोळी शिवते. टाचणी म्हणतो मी तिला — बारीक आहे आणि टोचते. मला बोका म्हणते, तोंडावर. असा सरळ टाका अख्ख्या बाजारात कुणाचा नाही — आत्ता तिला ऐकू येत नाही म्हणून बोलून घेतो, एरवी डोक्यावर बसेल. हं, बघा, थांबलं. हात सैल पडला. आता कुशीवर वळवू, तुम्ही खांदा धरा, मी गुडघा — असं, लाळ बाहेर येऊ दे. पाणी? अजून नको. पुरती जागी झाल्याशिवाय काही नको.

काय म्हणालात, अशी मुलगी दुकानात कशी ठेवली? बोलला नाहीत? मग चेहरा बोलला, फार मोठ्याने बोलतो तुमचा चेहरा. सोपं आहे हो. गोळ्या वेळेवर घेते, काल बहिणीच्या बाळाने जागवलं, तेवढंच निमित्त झालं असेल. आल्या दिवशीच सगळ्यांना गोळा करून सांगून मोकळी झाली, मला फिट येते, आली तर असं असं करा. भीती कुणाला? टेबलांचे कोपरे बघा, कापूस भरून कापडी टोप शिवलेत त्यांना, कुणी आपटलं तरी लागत नाही. तिच्यासाठी? छे, हे तर तिच्या जन्माआधीचे — मग कुणासाठी — घ्या, घसरली माझीच जीभ. गिळायला हवी होती.

बरं, ऐका, पण बाहेर बोलू नका, माझं नाव जाईल. गल्लीत मला नाटक्या म्हणतात. का? तर हा म्हातारा गिऱ्हाइकाशी बोलता बोलता धाडकन गादीवर पडतो, हातपाय झाडतो आणि उठून म्हणतो, पाहिलीत ना, गादी किती मऊ. लोक पोट धरून हसतात. साहेब, त्यातली निम्मी सोंगं. ती केली उरलेल्या निम्म्यांवर पांघरूण घालायला. नाहीतर मी गादीच्याच धंद्यात का शिरलो, लोखंडाच्या का नाही? हा इथला दात बघा — दिसत नाही ना? तोच. चमच्याने गेला.

बायकोला ठाऊक होतं, ती गेली. मग कुणाला नाही. ही टाचणी नवी होती, मी असाच पडून उठलो, म्हटलं कसं फसवलं. सगळे हसले, ही हसली नाही. कानाशी येऊन म्हणाली, "काका, गोळी चुकली का?" सोंग करून उठलेला माणूस कपाळ दाबत नाही म्हणे. तेव्हापासून मी पडलो की ती बसते, ती पडली की मी. मग दुकान का सोडतोय? गुडघे हो, गुडघे. डोक्याची काही तक्रार नाही. फक्त तुम्ही आलात आणि हिला कामावरून काढलंत, तर ही पण सोंगं शिकेल, माझ्यासारखी. ते मला नको आहे. सोंगं मला पुरली.

थांबा, खोळ ओली झालीय, तिचे कपडेही. ते तुम्हाला दिसलं नाही, मलाही नाही. तुमचा कोट जरा — काढलात पण? न मागता? चांगला कोट आहे हो, डाग पडेल. बरं बरं, टाका तिच्यावर.

काय? पुन्हा बोला. पुढच्या वेळी आधी कात्री उचलायची की उशी द्यायची? कात्री, साहेब, कात्री आधी. पुढच्या वेळी म्हणालात तुम्ही. आता फिरवू नका, माझे कान शाबूत आहेत. झालं तर मग, दुकान तुमचं — श्श. डोळे उघडतेय. काय झालं, कसं झालं, काही विचारायचं नाही. मी तिला ती कुठे आहे तेवढं सांगतो. तुम्ही तो चमचा घ्या आता. घ्या की. चहा ढवळा, आणि गप्प.